पायाळूची लाथ

मी आईच्या पोटातून पायांकडून आले. आधी डोकं यायचं सोडून आधी पाय. आमच्याकडे अशा माणसाला पायाळू म्हणतात, आणि पायाळू माणसाला जन्मभर दोन गोष्टी चिकटतात. एक म्हणजे ज्याच्या कंबरेत चमक भरली तो तुमच्या दारात येऊन पालथा पडतो आणि म्हणतो, मार लाथ. दुसरी म्हणजे पायाळूला जमिनीतलं धन दिसतं असं सगळ्यांना वाटतं. पहिलीनं मला गावात मान मिळाला. दुसरीनं जीव जायची वेळ आणली, आणि ती वेळ परक्यानं नाही, माझ्या सख्ख्या भावानं आणली.

लाथेचं आधी सांगते. दुखणाऱ्यानं उंबरठ्यावर पालथं पडायचं, तोंड घरात, पाय अंगणात. मी त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. डाव्या टाचेनं तीन लाथा, मोजायच्या नाहीत, नुसत्या मारायच्या. मग त्यानं ‘उतरली’ म्हणायचं आणि मागे वळून न बघता चालायला लागायचं. गावातले अर्धेअधिक लोक माझ्या लाथा खाऊन गेलेत. किराणावाला, पोलीस पाटील, शाळेतले मास्तर. मास्तरांना जरा जोरातच मारली होती, कारण आदल्या दिवशी त्यांनी मला पट्टीनं झोडपलं होतं. चमक खरंच उतरते का? उतरते बुवा. का उतरते ते मला विचारू नका. डॉक्टरला विचारावं म्हटलं तर तोही एकदा येऊन पालथा पडून गेला.

धनाचं नाव मात्र आई घरात काढू द्यायची नाही. ‘गावात लाथ मार, गावाबाहेर पाय झाक,’ असं म्हणायची. गुप्तधन काढणारे पायाळू पोरीला उचलून नेतात, डोळ्यांत काजळ घालतात, धन कुठं आहे ते विचारतात आणि मग तिचं रक्त जमिनीला देतात, हे तिनं मला इतक्या वेळा सांगितलं की बाजारात कोणी माझ्या पायांकडे पाहिलं तरी मला घाम फुटायचा. ती मला नांदुऱ्याच्या बाजारात मोजे घालून न्यायची. भर उन्हाळ्यात मोजे. पायांवर काही लिहिलेलं होतं थोडंच.

सगळ्यात जास्त लाथा माझ्या दादानं खाल्ल्या. तो माझ्याहून मोठा, आणि त्याची कंबर लहानपणापासून अधू. ती का अधू झाली ते सांगायचं तर टेकडीवर जावं लागेल.

आमचं गाव मोताळा तालुक्यात, रोहिणखेडापासून लांब नाही. गावामागे टेकडी, आणि टेकडीच्या माथ्यावर पडकं देऊळ. देऊळ महादेवाचं, पण त्याच्याही आधी तिथं दुसरं काहीतरी होतं. सीताफळांच्या जाळीत मोठाल्या विटांचा एक गोल ओटा आहे. पावसात माती वाहून गेली की हातभर लांबीच्या विटा उघड्या पडतात. कॉलेजातले एक सर एकदा मापं घेऊन गेले. ते म्हणाले, आधी इथं बौद्ध भिक्खू राहायचे, त्यांचा विहार पडला आणि मग त्याच जागी, त्याचेच खांब घेऊन, महादेवाचं देऊळ उभं राहिलं. म्हणूनच की काय, खांब एकासारखा एक नाही. दाराच्या पट्टीवर मांडी घालून, डोळे मिटून एक देव बसलाय. आमच्या बायका त्याला शेंदूर लावतात. बुद्ध पौर्णिमेला गावातली बौद्ध मंडळी पांढरे कपडे घालून वर जातात आणि त्याच देवापुढं मेणबत्त्या लावतात. शेंदरावर मेण, मेणावर शेंदूर. त्याच्यावरून गावात कधी भांडण झालं नाही, एवढं खरं. भांडायला आम्हाला शेताचे बांध पुरत होते.

शाळेच्या सुट्टीत दादा आणि मी शेळ्या घेऊन तिथं दिवसच्या दिवस असायचो. त्या देवळाचा दगड न् दगड आम्हाला पाठ. कोणत्या फटीत विंचू आहे, कोणत्या कोनाड्यात वटवाघळं आहेत, सगळं. मंडपात डाव्या हाताला एक खांब होता. तो स्वतःच्या बैठकीवर नव्हता, चाक कोरलेल्या एका फुटक्या दगडावर उभा होता. त्याला टेकलं की वरून माती पडायची. दादा माझा दंड धरून मला मागे ओढायचा.

‘त्याले टेकू नको वं. तो नुसता वजनानं उभा हाये. खालचा दगड हालला का गेला.’

हे त्यानंच मला शिकवलं, हे लक्षात ठेवा.

एकदा शेजारच्या गावची पोरं वर आली. त्यांतल्या थोराड पोरानं माझा पाय धरला आणि मला विटांच्या ओट्यावर ओढत नेलं. ‘पायाळू हाये न तू? सांग कुठी हाये हंडा. नाहीतर इथीच बळी देतो तुहा.’ बाकीची पोरं हसत होती. मी त्याच्या हाताला चावले, त्यानं माझ्या कानशिलात दिली. तेवढ्यात मागून दादानं आमच्याच देवळाची वीट उचलली आणि त्याच्या डोक्यात घातली. एकदा नाही. पोरगं खाली पडल्यावरही घातली. रक्त एवढं आलं की शेळ्या बुजून पळाल्या.

पोरगं वाचलं. पण त्याचे घरचे लोक काठ्या घेऊन दारात आले. त्यांच्यासमोर बापानं दादाला अंगणात आडवा पाडला आणि नांगराच्या रुमण्यानं झोडपला. रुमणं म्हणजे नांगराचा धरायचा दांडा, चांगला हातात न मावणारा. आई मधे पडली तर तिलाही एक बसला. दादा एकदाही माझं नाव घेऊन म्हणाला नाही की हिच्यासाठी मारलं. दात आवळून पडला होता. त्या मारापासून त्याची कंबर पुन्हा कधी धड झाली नाही. पाण्याचा हंडा उचलला की चमक, मिरचीचं पोतं उचललं की चमक. आणि मग उंबरठा, आणि माझी टाच. ‘उतरली’ म्हणायचा आणि मागे वळून बघायचा, नियम मोडून. दात काढायचा.

असा भाऊ होता तो. म्हणूनच मला राग येतो.

माझं लग्न नांदुऱ्यात झालं. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. आई-बाप गेले. दादा, वहिनी आणि भाजीचा मळा एवढं माहेर उरलं. दादाचा फोन सणावारीच यायचा, तोही वहिनीनं लावून दिला तर. म्हणून गेल्या आखाजीला त्यानं स्वतः फोन केला तेव्हा मला भरून आलं.

‘आखाजीले ये वं बाई. आंबे आणले हायेत. दोन दिवस राह्य.’

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी जातात. मी गेले. तो स्टॅंडवर मोटारसायकल घेऊन उभा होता. घरी रस, पुरणपोळी, भजी. वहिनी गप्प गप्प होती, पण ती तशी नेहमीच गप्प, म्हणून मी मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच दादा म्हणाला, ‘चाल, टेकडीवर जाऊ. लहानपणासारखं.’

‘या उन्हात?’ वहिनी म्हणाली. ‘कायले जाता?’

‘तुले इचारलं का?’ असा तो खेकसला की तिच्या हातातली वाटी सांडली.

मला तिथंच कळायला हवं होतं म्हणा. पण माहेरी कोणी ‘चाल’ म्हटलं की बाईची अक्कल चुलीत जाते. मी चपला घातल्या आणि निघाले.

वैशाखातली टेकडी म्हणजे सगळा रखरखाट. गवत वाळून पिवळं, पळसाची पानं करपलेली, वाटेवरचे दगड चपलेतून भाजत होते. खाली गाव दारं लावून झोपलं होतं. दादानं गाडी पायथ्याला लावली, स्वतःच्या गळ्यातला दुपट्टा माझ्या डोक्याला बांधला, पाण्याची बाटली स्वतः घेतली. माझा फोनही मागून घेतला, ‘चढताना पडंल’ म्हणून. अर्ध्या चढावर त्यानं विचारलं, ‘तुले लहानपणी खरंच कधी काही दिसलं नाही का वं, जमिनीत?’

‘दिसलं न,’ मी म्हटलं. ‘तुहं शेंबडं नाक.’

तो हसला नाही. मग सांगत बसला. वरच्या आळीतल्या कोणी जुनं घर पाडताना हंडा काढला. कोणी म्हणतं मोहरांचा, कोणी म्हणतं सोन्याच्या पुतळ्यांचा, जुन्या नाण्यांचा. त्याच्या दारात आता ट्रॅक्टर उभा आहे. मी म्हटलं, ट्रॅक्टर बॅंकेचा असेल रे, हंड्याचा कशाला. तर म्हणाला, ‘तुले काय समजते.’

देवळाच्या सावलीत तिघेजण बसले होते. दोन दणकट गडी, त्यांच्याजवळ पहार, टिकाव, घण. तिसरा गळ्यात माळा घातलेला, कपाळाला कुंकू, पायात पांढरे बूट. त्याच्यापुढं लिंबं मांडलेली आणि पाय बांधलेला काळा कोंबडा. आई बोलायची ते सगळं तिथं मांडून ठेवलेलं होतं, फक्त मी तिथं यायची बाकी होते. आणि मला आणून पोचवणारा माझ्या मागेच वाट अडवून उभा होता.

‘हे महाराज,’ दादा म्हणाला. ‘काही नाही करायचं तुले. नुसतं फिरून सांगायचं, कुठी पाय जड होते. बस.’

‘घरी चाल,’ मी म्हटलं.

‘बाई, ऐक न.’

‘घरी चाल म्हणते न मी. तुही लाज कुठी विकली रे?’

महाराज फार गोड बोलायचा. ‘ताई, भिऊ नका. तुम्ही तर लक्ष्मी,’ म्हणाला, आणि बोलता बोलताच कोंबड्याची मान कापली. रक्त उंबरठ्यावर शिंपडलं. मग उठला, घण घेतला आणि दाराच्या बाजूला चवरी धरून उभी असलेली दगडाची बाई फोडायला लागला. ती म्हणे धनाची राखणदार. पहिल्या घावात तिचा हात गेला, दुसऱ्यात तोंड. लहानपणी मी त्या बाईच्या कानात रानफुलं खोचायची. माझं डोकं सणकलं. मी ओरडत त्याच्या अंगावर धावले, आणि मंडपात शिरताना माझा उजवा पाय जोरात दगडावर आदळला. चप्पल तुटली, अंगठ्याचं नख उलटं झालं. मी खालीच बसले. रक्त दगडावर ठिबकत होतं.

महाराजानं घण टाकला. हात जोडले. ‘पायानं सांगितलं,’ म्हणाला. ‘जागा पायानं दाखवली, आणि रक्त पण देलं.’

ठेच लागली हो मला. साधी ठेच. वाटेनं चालणाऱ्या कोणालाही लागते. पण मी पायाळू, म्हणून माझी ठेच म्हणजे कौल. दोन्ही गडी टिकाव घेऊन त्याच जागी भिडले. आणि ती जागा कोणती, तर चाक कोरलेल्या त्या फुटक्या दगडाला लागून. डावीकडचा खांब.

‘दादा,’ मी म्हटलं, ‘तिथी खणू नको. खांब हाये. तूच सांगत होता न, नुसता वजनानं उभा हाये.’

त्यानं खांबाकडे पाहिलं. त्याला आठवलं, मी शपथेवर सांगते, त्याला आठवलं होतं. मग तोंड फिरवून म्हणाला, ‘गप्प बस.’ माझा दंड त्यानं धरला होता. लहानपणी धरायचा तिथंच.

खड्डा खोल होत गेला. विटा निघाल्या, मोठ्या, लांबलचक. विटांच्या खाली सपाट दगड. तो पहारीनं उचकटला तर खाली विटांनी बांधलेलं लहानसं घरटं, आणि त्यात झाकण लावलेलं मातीचं मडकं. दादाची पकड इतकी घट्ट झाली की माझा हात बधिर झाला. महाराजानं मडकं बाहेर काढलं आणि झाकण फोडलं.

आत राख होती. राख, हाडांचे बारीक तुकडे आणि दोन-चार मणी.

मला त्या सरांचं बोलणं आठवलं. कोणा मोठ्या भिक्खूची राख त्यांचे लोक अशी मडक्यात ठेवायचे, वर विटा रचायचे, असं ते म्हणाले होते. मी ते बोललेही. पण कोण ऐकतो. आमच्याकडे राखेचा एकच अर्थ असतो. धन काढताना पायाळूच्या मनात खोट असली की धनाची राख होते, कोळसे होतात. हे शेंबडं पोर सांगेल. महाराजानं राख बोटांवर घेतली, फुंकली आणि म्हणाला, ‘बाईच्या मनात खोट हाये.’

एका गड्यानं माझ्या थोबाडीत मारली. दात हलला. दादानं माझा दंड सोडला नाही.

‘राखेचं परत सोनं होते,’ महाराज म्हणाला, तितकंच गोड. ‘ठेचेचं रक्त पुरत नाही. पायाचा अंगठा द्यावा लागते. त्यानं माणूस मरत नाही.’ आणि पिशवीतून कोयता काढला.

मी दादाकडे पाहिलं. वीट उचलून पोराच्या डोक्यात घालणारा तो दादा कुठं आहे ते शोधत होते. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. ओठ हलत होते. मग तो म्हणाला, आणि हे वाक्य मी मेले तरी माझ्या कानातून जाणार नाही:

‘बाई, अंगठाच तर हाये. मी लगेच दवाखान्यात नेतो. गाडी खालीच उभी हाये.’

गाडी खालीच उभी हाये म्हणे. तेवढी सोय बघून ठेवली होती भावानं.

मग मी माणूस उरले नाही. गड्याचा हात तोंडाजवळ आला तो मी चावून फाडला. तोंडात त्याचं रक्त आणि कातडं. दुसऱ्यानं केस धरून मला आडवी पाडली, डोकं दगडावर आपटलं, डोळ्यांपुढं काजवे. तरी मी महाराजाच्या गुडघ्यावर लाथ घातली आणि तो गुडघा कडकन वाजला. तो कोयत्यासकट कोलमडला, आईबहिणीवरून शिव्या द्यायला लागला, सगळा गोडपणा संपला. दादा खड्ड्याच्या काठावर बसला आणि त्यानं माझा उजवा पाय मांडीवर दाबून धरला. दोन्ही हातांनी. माझ्या अंगठ्याचं रक्त त्याच्या शर्टाला लागत होतं. तो रडत होता आणि पाय सोडत नव्हता.

‘सोड,’ मी म्हटलं.

सोडला नाही.

डावा पाय मोकळा होता. मी गुडघा छातीशी घेतला आणि टाच त्याच्या छातीत मारली. जेवढी ताकद अंगात होती तेवढी. जन्मात कोणाला अशी मारली नव्हती. तो मागच्या मागे खड्ड्यात गेला, त्याची पाठ चाकाच्या दगडावर आदळली, आणि तो दगड सरकला.

आधी वरून माती पडली. तीच लहानपणची माती. दादा उठायला पालथा वळला तोवर खांब हळूच कलला, आणि त्याच्या डोक्यावरची तुळई सुटून खाली आली. आवाज असा झाला की खाली गावातली कुत्री भुंकायला लागली. भर दुपारी वटवाघळांचा लोंढा उन्हात बाहेर पडला. धूळ खाली बसली तेव्हा गडी वाटेला लागले होते, महाराज लंगडत, ढुंगणावर घसरत त्यांच्या मागे. कोयता आणि एक पांढरा बूट तिथंच राहिला. दादा खड्ड्यात पालथा होता, खांब त्याच्या कंबरेवर आडवा.

मी पळून जाऊ शकत होते. कोणी बोल लावला नसता. पण मी पहार घेतली आणि खांबाखाली घालून उचकटत बसले, शिव्या देत, त्याला, बापाला, त्या हंड्याला. खांब तसूभर हलला नाही. मग त्याच्या खिशातून माझा फोन काढला. काच फुटली होती, पण वहिनीला लागला. तेवढ्यात त्यानं धुळीत मान वळवली. तोंडात माती होती.

‘तुले लागलं का वं?’ त्यानं विचारलं.

काय म्हणावं अशा माणसाला. मी त्याच्या डोक्याशी बसले आणि मोठ्यानं भोकाड पसरलं.

गाव वर आलं, बाज आणली, खांब उचलला. दादाला बुलढाण्याला नेलं, तिथून पुढं. पोलीस आले, पंचनामा झाला. महाराज सापडला, गुडघ्याला पट्टी बांधून एका मठीत लपला होता. राखेचं मडकं सरकारी माणसं कापसात गुंडाळून घेऊन गेली. गावातली बौद्ध मंडळी त्या खड्ड्यापाशी जाऊन हात जोडून आली. आणि आमच्या लोकांनी काय करावं? माझ्या लाथेची कीर्ती पार पिंपळगाव राजा गावापर्यंत नेली. जी लाथ खांब पाडते ती चमक उतरवणारच. नांदुऱ्यात माझ्या दारात माणसं येऊन पालथी पडायला लागली. मी झाडू घेऊन हाकलली. एक जण उठेचना, तर त्याच्यावर पाण्याची बादली ओतली. नवरा म्हणाला, मार न एखादी, पुण्य लागते. मी तोच झाडू त्याच्यावर उगारला.

माहेरी मी गेले नाही. दादा घरी आला असं कळलं, तरी गेले नाही. कंबरेपासून खाली त्याला काहीच जाणवत नाही, असं वहिनीनं फोनवर सांगितलं. मी म्हटलं, बरं झालं. म्हटलं, आणि फोन ठेवून अंगणात भांडी आपटली.

दिवाळी झाल्यावर वहिनीचा पुन्हा फोन आला. ‘ताई, येजा एकडाव. ते जेवत नाहीत. नुसतं तुमचं नाव घेऊन राह्यले.’

गेले. बसमध्ये सगळा रस्ता मी मनात शिव्या रचत होते. त्याला काय काय ऐकवायचं ते पाठ केलं होतं. अंगठाच तर हाये, यावरूनच सुरुवात करणार होते. माझा अंगठा चपलेत अजून ठणकायचा, नख वाकडं आलं होतं.

तो ओसरीत बाजेवर होता. पाठीला जखमा पडू नयेत म्हणून वहिनीनं त्याला पालथं घातलं होतं. हात काटक्या झाले होते. मी उंबरठ्यावर उभी राहिले. त्यानं मान वळवली नाही. पावलांवरून ओळखलं असेल, मी त्या दिवसापासून जरा लंगडते.

‘आली का वं?’

मी पिशवी खाली ठेवली.

‘शिव्या दे,’ तो म्हणाला. ‘पोटभर दे. मंग एक काम कर माहं.’

‘काय?’

‘लई दिवसाची चमक भरली हाये बाई. डॉक्टरले नाही उतरली. एकडाव मार. तुह्या लाथेनं उतरते, मले माहीत हाये.’

वहिनीनं तोंडात पदर घातला आणि आत गेली. पाठ केलेल्या शिव्यांतली एकही मला आठवेना. मी त्याला म्हणणार होते की येड्या, ही चमक नाही, तुझी कंबर मोडली आहे, आणि ती माझ्याच टाचेनं मोडली आहे. पण तो तोंड उशीत घालून तयार पडला होता, लहानपणी अंगणात दात आवळून पडला होता तसा. मी चप्पल काढली. बाजेजवळ गेले. रिवाजाप्रमाणे तोंड दाराकडे केलं, भिंतीला हात टेकला आणि डाव्या टाचेनं त्याच्या कंबरेवर मारल्या. हळू नाही, नेहमीसारख्या, तीन.

आणि ‘उतरली’ म्हणायची वाट बघत उभी राहिले.

अंगणात वहिनीच्या कोंबड्या दाणे टिपत होत्या. मग उशीतून त्याचा आवाज आला, जरा चिडून, भाऊ बहिणीवर चिडतो तसा.

‘मार न वं. काऊन थांबली?’